थिओडोर रूझवेल्टने नेमकं बदललं काय? ट्रस्ट फोडण्याच्या पलीकडचं उत्तर

प्रश्न असा आलाय की थिओडोर रूझवेल्टला सगळे 'ट्रस्टबस्टर' म्हणतात, म्हणजे ट्रस्ट, एकत्र येऊन मक्तेदारी करणाऱ्या कंपन्या, फोडणारा, पण त्याच्यानंतरही अमेरिकेत अवाढव्य कंपन्या होत्याच, मग त्याने सुधारणा केल्या तरी कोणत्या आणि त्याच्या आयुष्याचा त्या सुधारणांशी संबंध काय, आणि त्याचं काम टिकलं का. प्रश्न फार चांगला आहे. मी बावीस वर्षं कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवतोय आणि दरवर्षी पेपरात मुलं तेच लिहितात, मक्तेदारी मोडली, जंगलं वाचवली, पनामा कालव्याचं काम सुरू केलं, १९०६ चं शांततेचं नोबेल मिळालं, झालं उत्तर. त्यात चूक काहीच नाही, पण त्यातून माणूसही कळत नाही आणि सुधारणाही कळत नाही, म्हणून जरा निवांत लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. हा थिओडोर, १९०१ ते १९०९ राष्ट्राध्यक्ष, रिपब्लिकन. महामंदी आणि दुसऱ्या महायुद्धातला तो फ्रँकलिन, डेमोक्रॅट, याचा लांबचा चुलत भाऊ. फ्रँकलिनची बायको एलिनॉर मात्र थिओडोरची सख्खी पुतणी, तिचे वडील वारले होते म्हणून १९०५ मध्ये तिच्या लग्नात कन्यादानाला काकाच उभा राहिला होता.

आता मुद्द्याचं. माझ्या मते रूझवेल्टची खरी सुधारणा कुठल्या एका कायद्यात सापडत नाही. मालक आणि कामगार, कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्या व्यवहारात सरकारने लोकांच्या वतीने लक्ष घालायचं असतं, ही गोष्ट त्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अंगवळणी पाडली. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, पण तेव्हा तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांचं ठाम मत होतं की धंदा हा दोघांमधला करार आहे, सरकारने मध्ये पडू नये. स्वतः रूझवेल्टही याच मताचा होता, श्रीमंत घरातला, हार्वर्डला शिकलेला, त्याचं मत दुसरं असायचं काही कारणच नव्हतं.

ते मत हललं कुठे, तर सिगार वळणाऱ्यांच्या खोल्यांमध्ये. १८८२ ला तो २३ वर्षांचा, न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत नवा आमदार. चाळींमधल्या राहत्या खोल्यांत सिगार बनवायला बंदी घालणारं एक बिल आलं होतं आणि कमिटीत यालाही घेतलं. बहुतेक बिलाच्या विरोधातच मत द्यायचं असं ठरवून तो बसला होता. सिगार कामगारांच्या युनियनचा सॅम्युएल गॉम्पर्स त्याला म्हणाला की एकदा येऊन तर बघा. तो गेला, एकदा कमिटीबरोबर आणि नंतर परत एकटाही गेला. एका खोलीत दोन कुटुंबं आणि वर एक भाडेकरू, बोहेमियातून आलेली माणसं, धड इंग्रजी येत नाही, तंबाखू सगळीकडे पसरलेला, घाणेरड्या अंथरुणांच्या शेजारी तंबाखू, कोपऱ्यात खरकटं आणि तिथेही तंबाखू, बाप, आई, पोरं दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच काम करतात, तिथेच जेवतात आणि तिथेच झोपतात. हे त्याने तीस वर्षांनी आत्मचरित्रात लिहिलंय, आणि इतकं बारीक लिहिलंय की ती खोली त्याच्या डोळ्यांसमोरून कधी हललीच नाही हे कळतं.

बिल पास झालं, आणि १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने कायदा रद्द केला. कारण काय दिलं, तर घर ही पवित्र जागा, तिथून माणसाला दुसरीकडे कामाला जायला लावणं बरोबर नाही! ज्या खोलीत झोपायला जागा नाही त्या खोलीच्या पावित्र्याबद्दल न्यायाधीशांनी लिहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, १९१२ मध्ये परत लागणार आहे.

बाकीचं आयुष्य भराभर सांगतो कारण ते कुठेही वाचायला मिळतं. जन्म २७ ऑक्टोबर १८५८, न्यूयॉर्क शहर. लहानपणी दम्याने इतका बेजार की रात्र रात्र बसून काढायचा, वडिलांच्या सांगण्यावरून व्यायाम करून शरीर कमावलं. १४ फेब्रुवारी १८८४ ला एकाच घरात, एकाच दिवशी, आई टायफॉइडने आणि बायको मूत्रपिंडाच्या विकाराने गेली, मुलगी दोन दिवसांची. त्या दिवशीच्या डायरीत एक मोठी फुली आणि आयुष्यातला उजेड गेला एवढंच एक वाक्य. मग तो डकोटाच्या माळरानावर गुरं राखायला गेला, १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात तिथली बहुतेक गुरं मेली आणि पैसाही बुडाला. परत येऊन सहा वर्षं सरकारी नोकरभरतीच्या आयोगावर, म्हणजे वशिल्याने नोकऱ्या वाटायच्या पद्धतीशी भांडण. मग १८९५ ला न्यूयॉर्क पोलिसांच्या बोर्डाचा अध्यक्ष, रात्री पत्रकार जेकब रीसला सोबत घेऊन रस्त्यावर फिरायचा आणि ड्युटी सोडून गायब झालेल्या पोलिसांना शोधून काढायचा. मग नौदल खात्यात, १८९८ ला क्युबात स्पेनविरुद्धची लढाई, परत आल्यावर न्यूयॉर्कचा गव्हर्नर. तिथे कंपन्यांवर टॅक्स बसवायला लागला तर पक्षातल्या बड्या लोकांनी त्याला उपराष्ट्राध्यक्षपदावर ढकललं, त्या पदाला काही काम नसतं म्हणून. आणि ६ सप्टेंबर १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेंना गोळी लागली, १४ तारखेला ते गेले आणि ४२ व्या वर्षी हा राष्ट्राध्यक्ष. एवढ्या लहान वयात त्या पदावर आजपर्यंत दुसरा कोणी आलेला नाही.

आता ट्रस्ट. बँकर जे. पी. मॉर्गन आणि रेल्वेमालक जेम्स हिल वगैरे मंडळींनी वायव्येकडच्या मोठ्या रेल्वे एकत्र करून नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची ४० कोटी डॉलरची कंपनी काढली होती. मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० पासून होता, पण १८९५ च्या साखर कंपनीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याचे दातच काढून टाकले होते. फेब्रुवारी १९०२ मध्ये रूझवेल्ट सरकारने कोणालाही आधी न सांगता खटल्याची घोषणा केली. मॉर्गन धावत वॉशिंग्टनला आला आणि म्हणाला, आमचं काही चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, मिटवून टाकू. अॅटर्नी जनरल नॉक्सने सांगितलं की आम्हाला मिटवायचं नाहीये, थांबवायचं आहे. यावर रूझवेल्टचं नंतरचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की मॉर्गनला आपण देशाचा अध्यक्ष वाटतच नव्हतो, धंद्यातला आणखी एक तगडा प्रतिस्पर्धी वाटत होतो. १४ मार्च १९०४ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला आणि कंपनी मोडावी लागली.

पण तुमची शंका बरोबर आहे. साडेसात वर्षांत त्याने असे चाळीसच्या वर खटले भरले आणि त्याच्यानंतरच्या टाफ्टने चारच वर्षांत त्यापेक्षा जास्त भरले. रूझवेल्टला मोठ्या कंपन्यांचा तिटकारा नव्हता, मोठं असणं हा गुन्हा नाही, वागणं बघायचं असं तो उघड म्हणायचा. १९०७ च्या आर्थिक घबराटीत तर मॉर्गनच्या यू. एस. स्टीलला टेनेसीची कोळसा-लोखंड कंपनी गिळायला त्याने आडकाठी केली नाही, आणि टाफ्टने पुढे त्याच व्यवहारावरून खटला भरला तेव्हा दोघांची मैत्री पार तुटली. त्यामुळे 'ट्रस्ट फोडणारा' या एका बिरुदावर त्याचं मोजमाप केलं की हिशोब चुकतो.

खरं बघायचं असेल तर १९०२ चा कोळसा संप बघा, मी वर्गात यावर दोन अख्खे तास घेतो. पेनसिल्व्हेनियातल्या कडक कोळशाच्या खाणी, अँथ्रासाइट म्हणतात तो, पूर्वेकडच्या शहरांत घरं गरम ठेवायला हाच कोळसा. १२ मे ला सुमारे १,४०,००० खाणकामगार संपावर गेले. मागण्या काय, तर २० टक्के वाढ, आठ तासांचा दिवस, युनियनला मान्यता, आणि वजनात प्रामाणिकपणा, कारण टनावर मजुरी द्यायची पण टन म्हणून कितीतरी जास्त कोळसा मापून घ्यायचा असा प्रकार चालायचा. खाणी बहुतेक रेल्वे कंपन्यांच्या हातात, त्यांच्या बाजूने बोलणारा जॉर्ज बेअर. त्याने एका पत्राला उत्तर देताना लिहिलं की कामगारांचं हित ते चळवळे लोक बघणार नाहीत, देवाने आपल्या अगाध ज्ञानाने ज्यांच्या हाती या देशाची मालमत्ता सोपवलीय ती ख्रिस्ती माणसं बघतील. पत्र पेपरात छापून आलं आणि लोक भडकले.

ऑक्टोबर उजाडला, थंडी तोंडावर, कोळशाचा भाव कित्येक पटींनी वर, शाळा बंद पडायला लागल्या. राष्ट्राध्यक्षाला यात पडायचा कायद्याने काहीएक अधिकार नव्हता, आणि आधीचा पायंडा म्हणाल तर १८९४ च्या पुलमन रेल्वे संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने सैन्य पाठवून संप मोडला होता. रूझवेल्टने ३ ऑक्टोबरला दोन्ही बाजूंना बोलावलं, नुसतं पत्र पाठवून. व्हाइट हाउसची दुरुस्ती चालू होती म्हणून समोरच्याच जॅक्सन प्लेसवरच्या घरात बैठक. महिनाभरापूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या घोडागाडीला ट्रामची धडक बसून अंगरक्षक जागीच ठार झाला होता आणि याच्या पायाला मार लागून शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे तो चाकाच्या खुर्चीत. एका बाजूला खाणमालक, दुसऱ्या बाजूला कामगारांचा नेता जॉन मिचेल, जो स्वतः पोरवयात खाणीत उतरलेला. मिचेल शांतपणे म्हणाला की तुम्ही लवाद नेमा, निकाल विरोधात गेला तरी आम्ही मानू. मालकांनी त्याच्याशी बोलायलाच नकार दिला, गुन्हेगारांशी वाटाघाटी करायला बोलावलंत म्हणून उलट राष्ट्राध्यक्षालाच सुनावलं. रूझवेल्टने नंतर सांगितलं की त्या खोलीत सभ्यपणे वागलेला एकच माणूस होता आणि तो मी नव्हतो, आणि पदाची आब नसती तर बेअरला मानगूट धरून खिडकीबाहेर फेकला असता.

बैठक फिसकटली. मग त्याने सैन्याची तयारी केली, पण या वेळी संप मोडायला नाही, खाणी ताब्यात घेऊन सरकारतर्फे कोळसा काढायला. जनरल स्कोफिल्डला तशा सूचनाही दिल्या. ही कुणकुण लागल्यावर आणि युद्धमंत्री एलिहू रूटने मॉर्गनला त्याच्या यॉटवर जाऊन भेटल्यावर मालक आयोगाला तयार झाले, तरी अट ही की आयोगावर कामगार प्रतिनिधी नको. सैन्यातला इंजिनीअर, खाण इंजिनीअर, न्यायाधीश, कोळशाच्या धंद्यातला जाणकार आणि एक 'नामवंत समाजशास्त्रज्ञ' एवढेच चालतील म्हणाले. रूझवेल्टने समाजशास्त्रज्ञाच्या जागी रेल्वे कंडक्टरांच्या युनियनचा प्रमुख ई. ई. क्लार्क याला बसवलं! शिवाय कॅथलिक बिशप स्पाल्डिंगना वाढवून घेतलं. २३ ऑक्टोबरला कामगार कामावर परतले, आयोगाने ५५८ साक्षी घेतल्या, कोळशातून दगड वेचणाऱ्या लहान पोरांच्या सुद्धा, आणि मार्च १९०३ मध्ये निकाल दिला, १० टक्के वाढ आणि बऱ्याच जणांचा दिवस दहाचा नऊ तासांचा. युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. म्हणजे पूर्ण जिंकलं असं कोणीच नाही. पण संपात सरकारने दोघांचं ऐकून मधला माणूस व्हायचं हे तिथे पहिल्यांदा घडलं, आणि 'स्क्वेअर डील', म्हणजे सगळ्यांशी सारखा सरळ व्यवहार, हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते या संपामुळे.

रेल्वेचं थोडक्यात: बड्या गिऱ्हाइकांना गुपचूप भाड्यात सूट द्यायला १९०३ च्या एल्किन्स कायद्याने बंदी, आणि १९०६ च्या हेपबर्न कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगाला जास्तीत जास्त भाडं किती ते ठरवायचा अधिकार. दिसायला रुक्ष आहे पण ज्या शेतकऱ्याचा गहू दुसऱ्या रेल्वेने जाऊच शकत नव्हता त्याला विचारा याची किंमत. माझ्या मते त्याने केलेल्या कायद्यांत आर्थिक दृष्टीने सगळ्यात वजनदार हाच.

मांसाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, अप्टन सिंक्लेअरच्या कादंबरीत शिकागोच्या कत्तलखान्यांचं वर्णन आलं आणि देश हादरला. पण रूझवेल्टला डबाबंद मांसाचा अनुभव आधीच होता, क्युबाच्या लढाईत सैनिकांना दिलेलं मांस इतकं वाईट होतं की त्यापेक्षा माझी जुनी टोपी खाल्ली असती अशी साक्ष त्याने दिली होती. त्याने स्वतःचे दोन माणूस, नील आणि रेनॉल्ड्स, शिकागोला पाठवले, त्यांचा अहवाल हातात ठेवून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, दबाव आणला आणि थोडा भाग जाहीरही केला. ३० जून १९०६ ला मांस तपासणी आणि शुद्ध अन्न-औषध असे दोन्ही कायदे सहीसकट झाले. यात एक गोष्ट पुस्तकांत बऱ्याचदा सुटते. डब्यावर तारीख छापायची आणि तपासणीचा खर्च कंपन्यांनी द्यायचा अशा दोन अटी मूळ मसुद्यात होत्या, त्या दोन्ही तडजोडीत गेल्या, खर्चाचे वर्षाला ३० लाख डॉलर सरकारी तिजोरीतून. रूझवेल्ट असाच होता, अर्धी भाकरी मिळत असेल तर घेऊन पुढे चालायचा, आणि याच कारणाने त्याच्या काळातले कट्टर सुधारणावादी त्याच्यावर कायम नाराज.

फक्त जंगलांच्या बाबतीत तो अर्ध्यावर थांबला नाही. १९०७ चा प्रसंग सांगतो. ओरेगनच्या सिनेटर फुल्टनने शेतीखात्याच्या खर्चाच्या बिलात एक कलम घुसवलं, वायव्येकडच्या सहा राज्यांत राष्ट्राध्यक्षाला नवीन राखीव जंगल घोषित करता येणार नाही, फक्त काँग्रेसला येईल. बिल खर्चाचं, म्हणजे नाकारलं तर खात्याचा पैसा बंद. सहीला मुदत ४ मार्चपर्यंत. वनखात्याचा प्रमुख गिफर्ड पिंचो आणि त्याची कारकून मंडळी नकाशे पसरून रात्रंदिवस बसली, कुठली जंगलं राखायला हवीत त्याची एकेक घोषणा लिहून तयार करायची आणि रूझवेल्टकडे पाठवायची, तो सही करणार. अशी १ कोटी ६० लाख एकर जंगलं राखीव झाली आणि मग त्याने ते बिल सही केलं! कायदा मोडला नाही, कायदा लागू व्हायच्या आधी काम उरकलं. सगळ्या कारकिर्दीचा हिशोब सुमारे २३ कोटी एकर, आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट जमीन. त्यात १५० राष्ट्रीय वनं, ५१ पक्षी अभयारण्यं, ५ राष्ट्रीय उद्यानं, १८ राष्ट्रीय स्मारकं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून शिकवणं मला पटत नाही. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्याने बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं, दक्षिणेत गहजब झाला, आणि परत तसं त्याने केलं नाही. १९०६ ला टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलमध्ये गोळीबार झाला, पुरावा नाही, चौकशी नीट नाही, तरी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना त्याने बडतर्फ केलं, ती चूक अमेरिकन सैन्याने दुरुस्त केली १९७२ मध्ये, तोपर्यंत बहुतेक सगळे मेलेले. फिलिपिन्समधल्या सत्तेचं तो समर्थन करत राहिला. आणि आपल्याला लागणारी गोष्ट म्हणजे जानेवारी १९०९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका भाषणात त्याने भारतातल्या इंग्रजी राज्याची तोंडभरून स्तुती केली. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. खोलीतल्या सिगार कामगाराचं दुःख कळलेल्या या माणसाला गुलाम देशाचं दुःख कळलं नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी सांगताना मला वाईट वाटतं.

१९०९ ला स्वतःहून पायउतार झाला, टाफ्टला पुढे केलं, टाफ्टवर नाराज होऊन १९१२ ला परत उभा राहिला. रिपब्लिकनांनी तिकीट नाकारलं तर वेगळा प्रोग्रेसिव्ह पक्ष. त्या जाहीरनाम्यात काय होतं बघा: स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीवर बंदी, आठ तासांचा दिवस, आजारपण आणि म्हातारपणासाठी विमा. आणि त्याच वर्षी ओहायोच्या भाषणातून त्याने मांडलेली एक मागणी, की राज्याच्या कोर्टाने लोकहिताचा कायदा रद्द केला तर त्यावर लोकांना मत देता आलं पाहिजे. रूट, लॉज असे जुने मित्र या मागणीने घाबरून लांब गेले. त्यांना ते माथेफिरूपणा वाटलं. मला विचाराल तर १८८५ चा तो सिगारचा निकाल तो २७ वर्षं मनात घेऊन फिरत होता.

१४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत छातीत गोळी लागली, खिशातल्या ५० पानी भाषणाच्या घडीतून आणि चष्म्याच्या डबीतून गोळी गेली म्हणून वाचला आणि तसाच तासाच्या वर बोलला. निवडणुकीत डेमोक्रॅट विल्सनला ४३५ प्रतिनिधींची मतं, याला ८८, टाफ्टला ८. हरला, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे दुसऱ्यांच्या हातून झाल्या. म्हातारपणाचा विमा तर १९३५ ला फ्रँकलिनने आणला. याच निवडणुकीनंतर काही महिन्यांनी, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले. त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन वाढत्या दराच्या करांवर अधिकाराने लिहिणारे, आणि वारसा-मिळकतीवर असे कर लावा म्हणून रूझवेल्ट १९०६ पासून काँग्रेसला सांगत होता. बाबासाहेबांनी पाहिलेली अमेरिका ही, या वादांनी पेटलेली.

रूझवेल्ट ६ जानेवारी १९१९ ला झोपेतच गेला. ग्रँड कॅन्यनचं शेवटी सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की त्याचं काम टिकलं का. १९०३ मध्ये तिथे उभं राहून तो लोकांना म्हणाला होता की हे आहे तसंच राहू द्या, तुमच्याच्याने यात सुधारणा होणार नाही. काँग्रेस उद्यान करायला तयार नव्हती, म्हणून ११ जानेवारी १९०८ ला त्याने जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठी केलेला १९०६ चा कायदा वापरून आठ लाखांच्या वर एकर जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. राल्फ कॅमेरॉन नावाचा स्थानिक पुढारी खाणींचे दावे लावून तिथल्या पायवाटेवर पर्यटकांकडून टोल घ्यायचा, पुढे तो सिनेटर झाला. त्याने कोर्टात म्हणणं मांडलं की एवढी मोठी दरी ही काही 'स्मारक' होत नाही, राष्ट्राध्यक्षाला हा अधिकारच नव्हता. रूझवेल्ट गेल्यावर सात आठवड्यांनी काँग्रेसने ग्रँड कॅन्यनचं राष्ट्रीय उद्यान केलं, आणि १९२० मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅमेरॉनचा दावा फेटाळला.